साडेबारा हजार किलोमीटरचा उपास

देवेशने फोनवर इतकंच सांगितलं होतं: टोरांटोहून शुक्रवारी रात्री नऊला विमान सुटतं, साडेबारा हजार किलोमीटर, मुंबईला पोचायला पंधरा तास. आकडे ऐकून त्याची आई सावित्री थेट देवापुढे जाऊन उभी राहिली. तिने तिथल्या तिथे नवस बोलून टाकला.

"झिल हवेत आसा तोपर्यंत ह्या घरात मासो शिजूचो नाय."

मालवणात हे बोलायला सोपं, पाळायला कठीण. त्यातून तिचे यजमान दाजी म्हणजे तीस वर्षं मच्छीमार बोट हाकणारे तांडेल. माशाशिवायचं ताट त्यांना आजाऱ्याचं वाटे. त्यांनी बोटांवर हिशेब केला. रात्री नऊ अधिक पंधरा, म्हणजे शनिवारी दुपारी बारा. एका रात्रीचा तर प्रश्न! शुक्रवारी त्यांनी हसतमुखाने डाळभात खाल्ला आणि शनिवारी पहाटेच जेटीवर जाऊन हातभर लांब सुरमई घेऊन आले.

सहा वाजता देवेशचा फोन. "बाबा, आता इमानात बसतंय."

दाजी सुरमई हातात धरून उभेच राहिले. विमान नऊ तास रखडलं असं वाटून ते कंपनीच्या नावाने खडे फोडू लागले, तेव्हा मुलाने समजावलं की तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे. तिथे अजून शुक्रवारची रात्रच आहे आणि विमान अगदी वेळेवर आहे. मुंबईत उतरणार ते आज रात्री साडेनऊला.

"मगे कालचो उपास वजा कर," दाजी सावित्रीला म्हणाले.

"काल तो जमिनीर होतो. तो उपास तुमच्या हिशेबाचो, माज्या नवसाचो नाय."

सुरमई रात्रीपर्यंत बर्फात ठेवावी, तर बर्फातल्या माशाला दाजी मासा म्हणत नसत. नवसाचे शब्द घोळवताना त्यांना वाट सापडली. 'ह्या घरात' शिजू नये, एवढंच ना? सुरमई पिशवीत घालून ते शेजारच्या भिकाजीकडे गेले. साडेबाराला पानं मांडली गेली. भिकाजीची बायको जानकी कालवण वाढताना सावित्रीची चौकशी करू लागली, तेव्हा दाजी म्हणाले की ती डाळभात खातेय, ही नवी थेरं कुठून शिकली कोण जाणे.

जानकीचा हात थांबला. "नवी खंयची, भावोजी? तुमी चार-चार दिस दर्यात असताना तिणां कधी माशाक हात लावूक नाय. तीस वर्सां. तुमका म्हायत नाय?"

बोट परत आली की त्या दिवशी सावित्री दोन तुकड्या जास्त घ्यायची, आणि दाजी तिला चारचौघांत खादाड म्हणून चिडवायचे. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटात भूक होती, समोर तळलेली तुकडी होती, पण घास काही उचलवेना. भिकाजीला जेवून घ्यायला सांगून ते उठले.

घरी सावित्री एकटीच जेवत होती. "झाली सुरमय खावन?" तिने वर न बघताच विचारलं.

दाजी ताट घेऊन तिच्या शेजारी बसले. "खंय? देवेशाक उतरूक अजून साडेआठ तास आसत. डाळ वाढ."