सप्रे काकांचा पिवळा गुलाब

"मीटिंग कॅन्सल! डेलिया उमललाय, बाप्पा!"

भिंतीपलीकडे सप्रे काका फोनवर ओरडत होते. मीटिंग मंडळाच्या गणपतीची होती आणि काकांच्याच घरी होती.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमधले माझे हे शेजारी एकटे राहत. मूळचे नागपूरचे. पोटासाठी प्रोग्रॅमर, मनाने अठराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराचे शिष्य. तो फुलांनी भरलेल्या फुलदाण्यांची चित्रं काढायचा. खरं फूल समोर असल्याशिवाय म्हणे ब्रश उचलायचा नाही. एका पिवळ्या गुलाबासाठी वर्षभर थांबला होता. तसंच एक चित्र काढायला घेतलेल्या काकांनीही तोच नेम धरला. नर्सरीतून ट्यूलिप आणला तो पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. वाटेत मला लिफ्ट दिली, मागच्या सीटवर. मला ते योग्यच वाटलं.

"आपला डच माणूस दार लावून काम करायचा. सख्ख्या भावालाही नो एंट्री!" हे काका प्रत्येक पॉटलक जेवणाला सांगत. स्वतःच्या चित्रापुढे त्यांनी चादर टांगली होती. "विचारूच नका, दाखवणार नाही मी."

कोणी विचारतच नसे. मुलं "इट्स जस्ट फ्लॉवर्स" म्हणून चिप्सकडे वळत.

मी तर कुणालाच काही विचारत नसे. इंग्लिश मीडियमची मी. मराठी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत समोरचा माणूस पार्किंग लॉटमध्ये पोहोचलेला असे. काकांशी माझं बोलणं म्हणजे "हाय काका".

जूनमध्ये काकांनी लावलेल्या पिवळ्या गुलाबाची एकुलती एक कळी गळली. आता पुढच्या जूनपर्यंत थांबणं आलं. पण मंदीत काकांची नोकरी गेली आणि तिच्यामागे व्हिसाही.

ते भारतात परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचा कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा परत द्यायला गेले. दारातूनच दिसलं, घर रिकामं झालं होतं. चादर तेवढी जागेवर होती.

"एका फुलाची जागा कोरीच राहिली, बेटा," काका म्हणाले. "त्या डच माणसाचं बरं होतं. त्याला थांबायला व्हिसा लागत नव्हता."

मी कसंनुसं हसले.

"विचारू नको, दाखवणार नाही मी," ते सवयीने म्हणाले. चादरीचं टोक मात्र त्यांनी हातात धरून ठेवलं होतं. सोडत नव्हते, ओढतही नव्हते.

"ओके काका" म्हणून मी वळणारच होते. तेवढं वाक्य मला पाठ आहे. पण या वेळी मनात काहीच जुळवलं नाही.

"काका, मला बघायचंय. आत येऊ?"