देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

भूमच्या एका कचेरीत कारकून असलेल्या शांतलिंगअप्पांनी एका सोमवारी ठरवलं, की घरच्या लॅपटॉपमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम आपणच टाकायची. दुरुस्तीवाला कुलदीप लॅपटॉप दोन दिवस ठेवून जा म्हणत होता. एवढ्याशा कामाला दोन दिवस कशाला, असं अप्पांना व्हिडिओ बघून वाटायला लागलं होतं. (व्हिडिओ सात मिनिटांचा होता. अप्पांनी चार मिनिटं पाहिला.) लागणार काय, तर एक पेनड्राइव्ह. त्यावर सिस्टिम चढवायची आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा.

नवा पेनड्राइव्ह आणला. पण नवी वस्तू, मग ती मोटारसायकल असो की कुकर, विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय या घरात वापरत नाहीत. अप्पांनी पेनड्राइव्हला विभूती लावली, तो देव्हाऱ्यात ठेवला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत येऊन त्यांनी देव्हाऱ्यातला विभूती लावलेला पेनड्राइव्ह उचलला आणि ठाण मांडून बसले. स्क्रीननं विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? कोऱ्या पेनड्राइव्हात पुसायला काय असतंय, असं म्हणत अप्पांनी बेधडक होकार दिला. आणि नवल म्हणजे काम फत्ते झालं. पाऊण तासात लॅपटॉप नव्या नवरीसारखा चमकायला लागला.

तेवढ्यात त्यांची बायको महादेवी दिवा लावायला आली.

"अहो, आईच्या गाण्यांचा माझा पेनड्राइव्ह कुठं गेला?"

"तिथंच हाय की, काळा."

"ह्यो तुमचा नवा. माझा बी काळाच, त्याला बी मी सकाळी इभूत लावून हितंच ठिवला होता. सोमवार न्हाय का आज?"

अप्पांनी लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह उपसून बघितला, तो महादेवीचाच निघाला. सासूबाई कस्तुराबाई कर्नाटकच्या सीमेवरच्या, उमरग्याकडच्या. लग्नात व्याह्या-जावयांची नावं घेऊन थट्टा करणारी त्यांची बारा कानडी गाणी महादेवीनं दिवाळीत रेकॉर्ड करून घेतली होती. आठ दिवसांवर आलेल्या भाचीच्या लग्नात ती लावायची होती. म्हातारीनं ऐंशी ओलांडलेली, पुन्हा एवढं गाणं होईल की नाही कुणास ठाऊक. महादेवी भांडली नाही, नुसती देव्हाऱ्यापुढं बसून राहिली. अप्पांना त्याचंच फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोघं एसटीनं सासूबाईंकडे गेले. अप्पांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. म्हातारी खुदकन हसली.

"गाणी काय डबीत ऱ्हात्यात व्हय, जावईबापू? माझ्या डोस्क्यात हायत ती."

आणि भिंतीला टेकून तिनं बाराच्या बारा म्हटली. वर एक तेरावं, नवं कोरं. महादेवीनं सगळी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. तिचा चेहरा खुलला, अप्पांचा जीव भांड्यात पडला.

लग्नात तेरावं गाणं लागलं तशा सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अप्पांना कानडीचा गंध नाही, पण आपलं नाव तीनदा आलेलं कळलं. एवढी धावपळ केली त्याचं कौतुक असणार, असं समजून त्यांनी ते परत लावायला लावलं आणि अभिमानानं ऑफिसच्या ग्रुपवरही टाकलं. मग बायकोला अर्थ विचारला.

महादेवीला हसू आवरेना. "आई म्हणती, भस्म लावून गाणी पुसणारा जावई साऱ्या मुलखात एकच, आन् त्यो माझ्याच नशिबी."

अप्पांनी घाईघाईनं मोबाइल काढला. पण त्यांचे साहेबही उमरग्याचेच, कानडी जाणणारे. त्यांचं उत्तर येऊन पडलं होतं: 'गाणं ऐकलं. उद्यापासून ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात लावू नका.'