सात नंबरच्या लिंबाची आंघोळ

चकलांबा गावच्या हवेत ज्वारी सापडली. प्राध्यापकांनी भिंगातून पाहून तसं कागदावर लिहिलंसुद्धा. पण ते आपण विसरून जाऊ. असं काही झालंच नाही. झालं ते एवढंच, की चंद्रभागाबाईंनी सकाळी सात वाजता अंगणापुढच्या कडुलिंबाला आंघोळ घातली.

लिंब साधा नव्हता. त्याच्या खोडावर पांढऱ्या रंगात ७ लिहिलेलं होतं. वस्तीवरून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या कडेला असे बारा लिंब होते आणि विद्यापीठातली शिवानी दोन वर्षांपासून त्यांच्या पानांवरची धूळ ब्रशनं झाडून, इवल्याशा काट्यावर तोलून नेत होती. मुरमाचे हायवा ट्रक दिवसभर त्या रस्त्यानं जात. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत भगवं होई, आणि चंद्रभागाबाईंचे यजमान मोहनराव काहीही न सोडता संन्यासी दिसत. रात्री मात्र ते खोकत, आणि त्या खोकल्यात वैराग्य अजिबात नसे.

"काकू, पानांवर किती धूळ बसते ते आकड्यात निघालं, की अहवाल जातो," शिवानीनं सांगून ठेवलं होतं. "अहवाल गेला, की रस्त्याचं काहीतरी होतं. शेवटची मोजणी होईपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही."

चंद्रभागाबाईंनी हात लावलाच नव्हता. कापसावर फवारायचा पंप लावला होता.

मोहनराव चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि हिरव्यागार झाडाकडं बघत राहिले. हा लिंब हिरवा असतो, हे ते विसरून गेले होते.

"अगं, हे काय केलंस?"

"शिवानीचे सर येनार न्हाईत का आज? पाव्हन्यासमोर झाडाचं तोंड असं मळकं बरं दिसतं व्हय?"

"ते धूळच बघाया येनार हायत."

चंद्रभागाबाईंनी पंप खाली ठेवला.

"मग तुमी मला अडवलं कावून न्हाई?"

"मी झोपलो होतो."

"हेच. चांगल्या कामाच्या टायमाला तुमी झोपलेले असता."

पाहुणे दहाला येणार होते. पाऊस थांबल्यापासूनची चार महिन्यांची धूळ तीन तासांत बसवायची होती. शेजारच्या बजरंगला बोलावलं. त्यानं ट्रॅक्टर काढून रस्त्यावर अकरा फेऱ्या मारल्या. धूळ लई उठली, पण वारा उलटा होता. ती सगळी मोहनरावांवर बसली.

"काकू, काकांनाच तोलून द्या की," बजरंग म्हणाला.

"तू गप बस बे," मोहनराव खोकत म्हणाले.

मग चंद्रभागाबाई स्वतः ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चढल्या. घरातून पिठाची चाळण आणली, तिच्यात रस्त्यावरची माती घेतली आणि पापडावर पीठ भुरभुरावं तशी पानापानावर चाळली. काम नेटकं झालं. लग्नातल्या रांगोळीलाही कुणी एवढा जीव लावला नसता.

दहाला शिवानी आणि योगीराज सर आले. सर एक नंबरपासून मोजत सातपाशी पोचले, दोनदा तोललं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तोललं.

"सहा नंबरपेक्षा इथं नऊ पट धूळ आहे. मधे अंतर किती?"

"वीस पावलं," शिवानी म्हणाली.

"आमच्या दारात ती मुक्कामालाच असती," मोहनरावांनी माहिती पुरवली.

सरांनी चिमूटभर धूळ भिंगाखाली धरली. मग थेंबभर आयोडिन टाकलं. धुळीतले काही कण निळेकाळे झाले.

"हे पीठ आहे," ते लिहीत म्हणाले. "बहुधा ज्वारीचं. या हवेत ज्वारी आहे."

बजरंग ट्रॅक्टरमागं गेला. शिवानीनं पानाकडं पाहिलं, चाळणीकडं पाहिलं आणि ती मटकन ओट्यावर बसली. पुढच्या महिन्यात तिला प्रबंध द्यायचा होता. तिचा तो चेहरा बघून चंद्रभागाबाईंना राहवलं नाही.

"सर, तिचा काही दोष न्हाई. झाड मी धुतलं आन् धूळबी मीच घातली. रस्ता काय, आमी आनखी दहा वर्सं खोकू. पोरीचं तेवढं वाया घालवू नका."

"किती वाजता धुतलं?" सरांनी विचारलं.

"सातला."

"सगळं झाड? शेंड्यापर्यंत?"

"अर्धवट धुवायची आमची पद्धत न्हाई."

सरांनी वही मिटली. "शिवानी, दोन वर्षं आपण धूळ तोलतोय. पण पान कोरं कधी होतं, हे आपल्याला कुठं माहीत होतं? एका झाडावर पावसाची सर पडते, दुसरं कोरडंच राहतं. किती दिवसांची धूळ म्हणून लिहायची? बाई, हे झाड परत धुवा. बाकीची अकरापण धुवा. पंधरा दिवसांनी सगळी मोजू."

"मंजी मी बरोबर केलं?"

"अर्धं."

"कोनतं अर्धं, ते ह्यांच्यासमोर सांगा."

वस्तीवरचे सगळे पंप त्या दुपारी बाहेर निघाले. पंधरा दिवसांनी निघालेला आकडा इतका मोठा होता, की शिवानीनं तो आधी पेन्सिलीनं लिहिला. लिंबांना तांबूस पालवी फुटली, प्रबंध वेळेत गेला आणि अहवाल कचेरीत पोचला. महिन्याभरात दोन माणसं टेप घेऊन आली आणि त्यांनी चक्क रस्ता मोजला. डांबरीकरण मंजूर झालं. काम मात्र पावसाळ्यानंतर.

चंद्रभागाबाईंनी शिवानीला बोलावून घेतलं, तिच्यापुढं कोरा कागद ठेवला आणि काय लिहायचं ते सांगितलं. भाषा शिवानीनं सरकारी केली. मोहनरावांनी खाली सही केली. अर्ज असा होता:

"महोदय, रस्ता मंजूर केल्याबद्दल वस्तीचे सर्व रहिवासी आपले आभारी आहेत. तथापि काम सुरू होण्यास अवधी असल्याने, तोपर्यंत सदर रस्त्यावरून जाणाऱ्या सर्व वाहनांनी रस्त्याला चाके न टेकवता जावे, असे आदेश आपल्या स्तरावरून तात्काळ निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."