उजव्या मागच्या चाकावरचा देव

"या वेळी ए-फायनल गाठली नाही, तर मागची खोली तुझी," असं काट्सुमाता म्हणाला तेव्हा त्याची बायको फुसाए मासा भाजत होती. तिने गॅस बारीक केला, हात पुसले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात स्पर्धेच्या रविवारभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. मग पुन्हा मासा उलटवायला लागली.

मागची खोली म्हणजे सहा चटया मावतील एवढी, दक्षिणेकडे खिडकी असलेली, घरातली सगळ्यात चांगली खोली. अकरा वर्षं तिथे काट्सुमाताच्या रिमोटवर पळणाऱ्या बग्ग्या राहत होत्या. हातभर लांबीच्या, चारही चाकांना जोर असलेल्या शर्यतीच्या गाड्या, त्यांचे टायर, स्प्रिंगा आणि तेलाच्या चाळीस बाटल्या. फुसाएचं शिवणयंत्र मात्र जेवणाच्या टेबलावर. रोज संध्याकाळी मिसो सूपचं पातेलं खाली उतरायच्या आत तिला ते उचलून ठेवावं लागे. पंचावन्नाव्या वर्षी तिच्या कमरेला ते झेपत नव्हतं, आणि हे काट्सुमाताला कळत होतं. म्हणून तर त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

इशिगामींच्या दुकानामागे, पूर्वी चहाचा मळा होता तिथे, मातीचा ट्रॅक होता. वर्षातून एकदा तिथे मोठी स्पर्धा भरे. चाचणीच्या तीन फेऱ्यांत ज्याची त्याची सगळ्यात चांगली वेळ धरून पहिले दहा ए-फायनलला जात, बाकीचे बी नाहीतर सी. काट्सुमाता अकरा वर्षं बी-फायनलमध्ये मुक्काम ठोकून होता. गेल्या वर्षी तो अकरावा आला होता. दहावा होता इनागाकी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याने वर्षभर ते काट्सुमाताला विसरू दिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी फुसाए देवळातून वाहतूक-सुरक्षेचा ताईत घेऊन आली.

"अगं, पण खोली तर तुला हवीय," काट्सुमाता म्हणाला.

"हवीय. म्हणून नवरा हरू दे असं देवाला सांगू? गाडीच आहे ना ती? मग वाहतूक-सुरक्षाच लागणार."

देवळातला ताईत पातळ आणि नाजूक, मातीत खराब होईल म्हणून तिने आईच्या जुन्या किमोनोच्या तुकड्याची पिशवी शिवली, आत मूठभर कापूस भरला, आणि गाडीच्या वरच्या प्लास्टिकच्या बॉडीत, उजवीकडे मागे, चांगली घट्ट चिकटवली. काट्सुमाताने ताईताला दोनदा वाकून नमस्कार केला. हा माणूस एका स्क्रूचं वजन कमी करायला महिनाभर विचार करी. पण देवाला तराजूत घालायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या रविवारी गाडी डावीकडे वळली की बिथरायला लागली. उजवीकडे सरळ, शहाण्यासारखी. डावीकडे वळली की मागचा भाग सुटायचा आणि गाडी स्वतःभोवती गोल फिरून आली त्या दिशेला तोंड करून उभी राहायची.

"घरी काही विसरली वाटतं," इनागाकी म्हणाला.

काट्सुमाताने घरी येऊन बॉडी काढली. आत देव असलेली वस्तू जमिनीवर कशी ठेवायची, म्हणून ती उंच फळीवर ठेवली. मग गाडी काचेवर घेतली. चारही चाकांखाली वजनकाटे. डावं-उजवं ग्रॅमला ग्रॅम सारखं. उंची सारखी. हादरे झेलणारे चारही शॉक लोण्यासारखे वरखाली होत होते. त्याने बॉडी पुन्हा चढवली, ट्रॅकवर गेला, डावीकडे वळला, आणि गाडी पुन्हा उलट्या दिशेला बघत उभी राहिली.

मग सल्ले सुरू झाले. इशिगामी सत्तर वर्षांचे, दुकानाचे मालक आणि सगळ्यांचे गुरू. त्यांनी गाडीची बॉडी उचलून आत बघितलं, जरा थांबले, खाकरले, आणि म्हणाले, "मागच्या शॉकमध्ये पातळ तेल घाल." मोठ्या माणसाचा सल्ला ऐकला नाही असं होऊच शकत नाही, काट्सुमाताने घातलं. इनागाकीने आत बघितलं आणि म्हणाला, "स्प्रिंग मऊ लाव." लावली. दर रविवारी येणारे दातांचे डॉक्टर बॉडीच्या आत बघून बराच वेळ दाढी खाजवत राहिले. "मला वाटतं, फक्त उजवी मऊ करा," ते म्हणाले, "अजून मऊ. त्याहून मऊ असेल तर तीही चालेल."

तीन आठवडे हे चाललं. रोज चहाच्या कारखान्यातून आला की काट्सुमाता खोलीत. तिसऱ्या शनिवारी उजव्या मागच्या शॉकमध्ये दुकानातलं सगळ्यात पातळ तेल होतं आणि सगळ्यात मऊ स्प्रिंग. टेबलावर बॉडीशिवाय ठेवली तर गाडी एका पायात चप्पल नसलेल्या माणसासारखी कलती उभी राही. काट्सुमाताला तिच्याकडे बघवेना. पण ट्रॅकवर ती बाणासारखी जात होती, डावीकडे आणि उजवीकडेही. का, ते विचारायचं नाही असं त्याने ठरवलं.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या फेरीत तो नववा आला. दहावा इनागाकी.

"अजून दोन फेऱ्या आहेत," इनागाकी म्हणाला. "पोटात गोळा आला असेल तर सांग, मी औषध आणलंय."

फुसाए पहिल्यांदाच ट्रॅकवर आली होती. डब्यात भाताचे गोळे, आत खारवलेलं आंबट फळ. तेव्हा काट्सुमाता नारिंगी जाकीट घालून वळणावर उभा होता, कारण आपली फेरी संपली की पुढच्या फेरीतल्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभं राहायचं असा तिथला नियम. फुसाए त्याच्या टेबलाशी बसली. बॉडी उताणी पडली होती आणि आतला ताईत चिखलाने काळाठिक्कर झाला होता. आईच्या किमोनोचा तुकडा, आत देव, आणि ही दशा. तिने तो अलगद सोडवला आणि नळाकडे गेली.

काट्सुमाता धावत आला, बॅटरी बदलली, बॉडी चढवली, चार पिना लावल्या आणि चालकांच्या मचाणावर चढला.

पहिल्याच डाव्या वळणावर गाडी उजव्या मागच्या चाकावर बसली आणि कलंडली. तिथे उभ्या असलेल्या माणसाने सरळ केली. "माफ करा, आभारी आहे," म्हणत काट्सुमाता वरून कमरेत वाकला. वाकताना हातातल्या रिमोटचा घोडा दाबला गेला, गाडी सुसाट सुटली आणि पुढच्या वळणावरच्या माणसाच्या पायाशी जाऊन उलटली. त्याने सरळ केली. काट्सुमाता पुन्हा वाकला. असं सात वेळा झालं. शेवटी वळणावरची माणसंही त्याला उलट वाकून नमस्कार करायला लागली, आणि तेवढ्यात दुसऱ्यांच्या गाड्या उलट्या पडून राहिल्या.

बाकीच्यांच्या वेळा सुधारल्या. काट्सुमाता तेराव्यावर घसरला, इनागाकी दहावाच राहिला.

टेबलावर येऊन त्याने बॉडी काढली. आत नुसत्या चिकटपट्टीच्या खुणा. तो त्या खुणांकडे बघत राहिला, मग कलत्या गाडीकडे, मग पुन्हा खुणांकडे. तीन आठवड्यांचं तेल, तीन आठवड्यांच्या स्प्रिंगा त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पिशवी शॉकच्या डोक्यावर दाबून बसत होती. आपण गाडी नीट केलीच नव्हती, कापसाच्या मापाने वाकडी केली होती.

"फुसाए, ताईत कुठाय?"

"धुतला. कुंपणावर वाळतोय."

"तो लावायला हवा. वीस मिनिटांत."

"ओला देव गाडीत बसवायचा? शोभतं का?"

"अगं, त्याच्याशिवाय ही गाडी चालणारच नाही. मला आत्ता कळलं."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. नव्या वर्षाच्या दिवशी देवळात रांगेत उभं करायचं तर फुसाएला त्याची बाही ओढावी लागे. तिचे डोळे भरून आले. ते बघून काट्सुमाताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खुलासा करायला वेळ नव्हता.

ताईत निथळत होता. तो पिळायचा म्हणजे देवाचीच मान पिळायची, हे कुणालाच जमेना. शेवटी गाड्यांवरची धूळ उडवायचा हवेचा पंप घेऊन इनागाकी आला आणि वाळवायला बसला.

"तू आत आलास की मी बाहेर जाणार," थोड्या वेळाने तो म्हणाला. "माहितीय ना?"

"माहितीय."

"पहिल्याच रविवारी दिसला होता मला हा."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? वहिनींनी शिवलेला ताईत काढून फेक म्हणू? इशिगामी-सानांनीही बघितलाय. डॉक्टरांनीही."

"आणि तिघंही मला स्प्रिंग बदलायला सांगत होतात?"

"दुसरं काय बदलायला सांगणार होतो, बायको?" इनागाकी म्हणाला आणि पंप दुसऱ्या बाजूला फिरवला.

ताईत अर्धवट वाळला तेव्हा फेरीची हाक आली. फुसाएने स्वतःच्या हाताने तो जुन्या जागी चिकटवला. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, एकदाही उलटली नाही, त्यामुळे काट्सुमातालाही वाकावं लागलं नाही. तो दहावा आला. इनागाकी अकरावा.

ए-फायनलमध्ये काट्सुमाता शेवटचा आला. एकदा उलटला तेव्हा सरळ करायला वळणावर नारिंगी जाकिटात इनागाकीच होता. त्याने गाडी उचलली, आतल्या देवाला मान तुकवली आणि खाली ठेवली. फुसाए कुंपणाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. काट्सुमाता इतका खूश होता की आपला नंबर त्याने दुसऱ्यांदा विचारून घेतला.

दुकानाचा एक रिवाज होता. ए-फायनलला गेलेल्याने आपल्या गाडीची सगळी मापं कागदावर लिहून भिंतीवर लावायची. लपवाछपवी म्हणजे नाक कापून घेणं. काट्सुमाताने तेल लिहिलं, स्प्रिंग लिहिली, आणि शेवटी 'इतर' या रकान्यासमोर बराच वेळ पेन धरून बसला. मग लिहिलं: 'उजवीकडे मागे, बॉडीच्या आत, पत्नीने शिवलेली ताईताची पिशवी. कापूस एक मूठ. धुऊन अर्धवट वाळवलेली.'

मंगळवारी इनागाकी दारात उभा. एका हातात मिठाईचा खोका, दुसऱ्यात नवाकोरा ताईत.

"वहिनी, याला एक पिशवी शिवून द्याल? अगदी तश्शीच."

"अरे, तुझी गाडी सरळ आहे," काट्सुमाता म्हणाला. "ती आधी वाकडी करावी लागेल."

"करतो ना. तुझी मापं उतरवून घेतलीत."

बुधवारी दातांचे डॉक्टर आले, त्यांना दोन हव्या होत्या. शुक्रवारी खुद्द इशिगामी आले. रविवारपर्यंत नऊ पिशव्यांची मागणी झाली. फुसाए काट्सुमाताच्या काट्यावर कापूस मोजायला लागली, आणि एक ग्रॅम जास्त झाला तर उसवायला लागली. जेवणाच्या टेबलावर यंत्र, रेशमाचे तुकडे, नऊ देव आणि कापसाचा ढीग. सोमवारी दोघं ओट्याशी उभ्यानेच जेवली.

मंगळवारी काट्सुमाताने मागच्या खोलीतल्या चाळीस बाटल्या खोक्यात भरल्या आणि शिवणयंत्र उचलून दक्षिणेच्या खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

"अहो, पण तुम्ही तर ए-फायनल गाठलीत," फुसाए म्हणाली. "खोली तुमचीच ना?"

"गाठली कुणी ते मला माहितीय," काट्सुमाता म्हणाला, आणि दिव्याची वायर तिच्या बाजूला ओढून दिली.

संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर गाडी उघडून बसला. मागच्या खोलीतून यंत्राचा आवाज येत होता. उजवा मागचा शॉक सुटा झाला होता, तेल वाटीत काढलं होतं, स्क्रू ओळीने मांडले होते. तेवढ्यात यंत्र थांबलं आणि फुसाए स्वयंपाकघरात आली.

"पातेलं उतरतेय," ती म्हणाली. "उचला बघू सगळं."