अर्ध्या गाडीचा हिवाळा

माणसानं अर्धं आयुष्य तपासणी विभागात काढलं, की जगातल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा विश्वास उरत नाही. मी प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात आहे. नवीन माल आला की एक बादली मी उंचावरून आपटतो, दुसरी तशीच ठेवतो आणि मग दोघींची तुलना करतो. न आपटलेली बादली समोर नसेल, तर आपटलेलीचं नेमकं काय बिघडलं हे कळणार कसं? हे तत्त्व मी घरातही पाळतो. लग्नानंतर घरात नवीन साबण आला, तेव्हा मी तो आठवडाभर एकाच हाताला लावून बघितला होता. बायकोनं त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं, पण तेव्हा ती प्रेमात होती.

तर यंदा हिवाळ्याच्या तोंडावर मी छाती फुगवून जाहीर केलं, की गाडीवर धूळ-पाणी टिकू नये म्हणून रंगावर चोळतात ते सीलंट खरंच हिवाळाभर टिकतं का, याचा निकाल आता मीच लावणार. बाटलीवर लिहिलं होतं, 'एकदा लावा आणि हिवाळा संपेपर्यंत विसरून जा'. बाटलीवर काय, काहीही लिहितात! आमच्या बादल्यांवर 'अतूट' असं छापलेलं असतं, आणि त्या कशा फुटतात ते मला विचारा.

अडचण एकच होती. गाडी माझी नव्हती, सासऱ्यांची होती.

बाबांची ही गडद निळी गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासूबाई गेल्यावर तर घरात बोलायला तीच उरली होती. यंदा डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले आणि गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. बाबांनी त्यात 'सध्या' हा शब्द पदरचा घातला. सध्या चालवायची नाही म्हणून गाडी आमच्याकडे आली. मेकॅनिक चालवत होता आणि बाबा शेजारी बसून त्याला ब्रेक कधी दाबायचा ते सांगत होते. एक किल्ली त्यांनी मला दिली, दुसरी स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवली. हिवाळा संपला की येईन आणि घेऊन जाईन, म्हणाले. हायवेनं, एकटेच!

बायकोनं ते ऐकून घेतलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, हायवेवरून काय काय येतं ते ती रोज बघते. स्वयंपाकघरात आल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "त्यांना नाही कोण म्हणणार?" आणि माझ्याकडे बघितलं. मी नळाकडे बघितलं. आधी हिवाळा तर जाऊ दे, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

मग मी गाडी स्वच्छ धुतली, बॉनेटवर मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली आणि स्टिअरिंगच्या बाजूच्या अर्ध्या गाडीला सीलंट चोळलं. बॉनेट अर्धं, टप अर्धा, मागची डिकी अर्धी. बाकीची अर्धी कोरडी ठेवली. बायको बाल्कनीतून बघत होती. बाबांच्या गाडीला हे काय लावताय, असं तिनं वरूनच विचारलं.

"अर्ध्याच गाडीला लावतोय," मी तिला धीर दिला.

नियम कडक होता. गाडीला फडकं लागता कामा नये. रविवारी फक्त पाइपनं पाणी मारायचं, तेही दोन्ही बाजूंना सारखं. थोड्याच दिवसांत निकाल डोळ्यांत भरायला लागला. चिखल, धूळ, पक्ष्यांचे उपद्व्याप, सगळं माझ्या बाजूवरून पाण्याबरोबर निघून जायचं आणि दुसऱ्या बाजूवर बसून राहायचं. पट्टीच्या अलीकडे आरसा, पलीकडे अंगण! कामावर जाताना मी क्षणभर थांबून चकचकीत बाजूवरून मायेनं बोट फिरवायचो आणि मळक्या बाजूकडे बघून समाधानानं मान डोलवायचो.

आता हे दृश्य वरच्या मजल्यावरून कसं दिसत असेल, याचा विचार मी केला नाही. तिथं एक मावशी राहतात. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी लोकांची भांडणं सोडवायची सवय काही सुटलेली नाही. त्यात हिवाळाभर बायकोला रात्रपाळी होती. ती सकाळी यायची, मी सकाळी जायचो. आमची भेट व्हायची ती जिन्यात, आणि तीही डब्याबद्दल दोन शब्द बोलण्यापुरती. मावशींनी जिन्यातलं बघितलं, गाडी बघितली, मधली पट्टी बघितली आणि बेरीज करून टाकली. या दोघांचं बिनसलंय. गाडीची वाटणी झालीय. नवरा स्वतःची बाजू चमकवतो आणि बायकोच्या बाजूला हातसुद्धा लावत नाही.

एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हे कधीपासून चाललंय, असं खालच्या आवाजात विचारलं. गाडीकडेच बघत विचारलं होतं, त्यामुळे मी आनंदानं सांगितलं, की हिवाळा लागल्यापासून. आणि हिवाळा संपला की निकाल. मावशींनी कठडा घट्ट धरला. विज्ञानाची इतकी ओढ असलेली बाई आमच्या इमारतीत आहे, हे मला तेव्हा प्रथमच कळलं.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. भला माणूस. त्यांची गाडी आमच्या शेजारीच उभी असते, तीही निळीच, तीच कंपनी. बराच वेळ ते हवापाण्याबद्दल बोलले. शेवटी चाचरत म्हणाले, मधली ती पट्टी तेवढी काढता आली तर बरं.

"पट्टी काढली तर कुणाची हद्द कुठपर्यंत, हे कळणार कसं?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. जाता जाता, पत्रांच्या पेट्या वेगवेगळ्या हव्या असतील तर संकोच करू नका, असंही म्हणाले. पेटी कशाला वेगळी हवी, ते मला समजलं नाही. पण एवढा आपलेपणा दाखवणाऱ्या माणसाला उलट प्रश्न कोण विचारणार? त्याच आठवड्यात मावशींकडून सूप आलं. दोन डब्यांत, दोन झाकणांत, माझं वेगळं आणि हिचं वेगळं. काय टापटीप आहे बाईंची, असं मी बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

भांडं फुटलं ते बायकोच्याच समोर. मावशी तिच्याकडे आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, की नवऱ्याची बाजू तर रोज दिसतेच, आता मला तुझीही बाजू ऐकायचीय. दार लावल्यावर बायको इतकी हसली, की हसता हसता खाली बसली. मी मात्र तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. सूप, खांद्यावरचा हात, पत्रपेटी, सगळ्याचा उलगडा एकदमच झाला. हसता हसता ती मध्येच गप्प झाली. "बाबांना तर नसेल ना कळवलं त्यांनी?"

कळवलं होतं. गाडी ठेवायला आले तेव्हाच बाबा मावशींना नंबर देऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी बसनं बाबा हजर! हातात बॅग, डोक्यावर कानटोपी. आम्ही दोघांनी त्यांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. बाटली दाखवली, अर्ध्या भागाचं तत्त्व समजावलं, बादल्यांचा दाखला दिला. बाबा मान हलवत राहिले. तपासणी का, बरं बरं, म्हणाले. भांडणाऱ्या जोडप्याच्या घरी आलेला समजूतदार माणूस जसा बोलतो, तसं बोलले. एका शब्दावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता. हिवाळा संपेपर्यंत राहीन म्हणाले, आणि राहिले.

रोज पहाटे ते फिरायला जायचे. परत यायचे तेव्हा बोटं गारठून लाल झालेली असायची, पण चेहरा खुललेला. व्यायाम मानवतोय, असं मी म्हणायचो. बायकोचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. बाबा आम्हाला पेपर वाचून दाखवायचे. मोठे मथळे वाचायचे आणि खालची बातमी मनानं सांगायचे. बातम्या छानच असायच्या, पेपरापेक्षा चांगल्या. ती ऐकून घ्यायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. म्हाताऱ्या माणसाच्या हातून गाडी काढून घ्यायची म्हणजे त्याचं दारच बाहेरून लावण्यासारखं. पण त्या डोळ्यांनी ते हायवेवर गेले तर?

एव्हाना मळक्या बाजूच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला होता. फक्त तो माझ्या गाडीवर नव्हता. सेक्रेटरी हल्ली माझ्याकडे बघेनासे झाले होते. मावशींचे दोन डबे आता आमच्याऐवजी सेक्रेटरींच्या घरी जात होते. मला वाटलं, आमच्याकडचा बहर ओसरला. मी माझ्या प्रयोगात गर्क. शेजारच्या गाडीकडे बघायला मला वेळ कुठे होता?

हिवाळा सरला. बाबांनी रविवार ठरवला. सकाळी चहा घेऊन निघतो म्हणाले आणि खिशातली किल्ली वाजवून दाखवली. आता तरी बोला, असं बायकोनं मला बजावलं. मी बाथरूममध्ये जाऊन बादलीसमोर तालीम केली. 'बाबा, नाही' एवढंच म्हणायचं होतं. बादलीसमोर ते चौथ्या खेपेला जमून गेलं, पण बाबांना बघितलं की पाचावर धारण बसायची.

रविवारी, बाबा निघण्याआधी निकाल लावावा म्हणून मी पाइप घेऊन खाली उतरलो. लख्ख ऊन पडलं होतं. बायको आली, मावशी आल्या, बॅग घेऊन बाबा आले. मी पट्टी ओढून काढली आणि दोन्ही बाजूंवर पाणी सोडलं. सीलंट शाबूत असेल, तर पाण्याचे टपोरे मणी होऊन ते घरंगळायला हवं. माझ्या बाजूवर पाणी पसरलं आणि चादरीसारखं पडून राहिलं. दुसऱ्या बाजूवरही तसंच. हिवाळ्याअखेर दोन्ही बाजू एकाच माळेचे मणी!

वैतागून मी पाइप बाजूला फिरवला, तर पाणी सेक्रेटरींच्या गाडीवर उडालं. आणि तिथं काय मणी! टपोरे, गोल, पळणारे. पण अर्ध्याच गाडीवर. स्टिअरिंगची बाजू मळकी आणि शेजारी बसणाऱ्याची बाजू अशी लखलखीत, की तिच्यात बघून दाढी करावी.

सेक्रेटरी खाली आले ते रडकुंडीला येऊनच. कोण हे करतं, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं. गाडीची बायकोकडची बाजू आपोआप चमकायला लागली, ते मी केलेलं नाही असं मी म्हणतो, मग कोण करतं असं ती विचारते, आणि तेव्हापासून आमच्या घरात बोलणं बंद आहे, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. कोटाच्या खिशातून त्यांनी मऊ फडकं काढलं आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, तुमची तपासणी असेल. पण माझ्या मुलीची बाजू अशी मळकी राहिलेली मला बघवेना. रोज पहाटे मीच पुसत होतो." आणि त्यांनी मोठ्या मायेनं तळहात टेकवला तो सेक्रेटरींच्या गाडीवर.

माझ्या हातातला पाइप बुटात पाणी ओतत होता, तेही मला कळलं नाही.

"बाबा," बायको अगदी हळू म्हणाली, "ती आपली गाडी नाही."

बाबांनी दारावरून हात फिरवला. मग वाकून नंबरप्लेटला नाक लावलं आणि ती बराच वेळ वाचली. सरळ झाले, तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मधल्या जागेत बघत राहिले.

"पहाटे धुकं असतं," ते म्हणाले.

आता धुकं नव्हतं. तालीम केलेलं 'नाही' बाथरूममधल्या बादलीपाशीच राहिलं होतं. बाबांनी खिशातून किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि मुलीच्या हातात ठेवली.

"मला सोडायला दोघं येणार ना?" त्यांनी विचारलं. "एकत्र?"

एकत्रच गेलो. बायकोनं गाडी चालवली, बाबा तिच्या शेजारी बसले आणि ब्रेक कधी दाबायचा ते सांगत राहिले. मागच्या सीटवरून मी बघत होतो. तिनं एकदाही त्यांना, मला येतंय, असं म्हटलं नाही. आता दर महिन्याला आम्ही गाडी घेऊन त्यांच्याकडे जातो. ते कानटोपी घालून फाटकातच उभे असतात आणि हॉर्न ओळखतात.

राहता राहिली तपासणी. घरी परतल्यावर मी कपाटातली सीलंटची बाटली काढली, तर ती रिकामी! बाबा फडक्याला रोज तेच लावत होते. सेक्रेटरींच्या घरात बोलणं सुरू झालंय. त्यांच्या बायकोनं मला विचारलंय, की बाबा परत कधी येणार, उरलेली अर्धी बाजू तशीच आहे. माझ्या तत्त्वाबद्दल अजून कुणीच विचारलेलं नाही. तरीही वाचकहो, हिवाळाभर राबून काढलेला निष्कर्ष तुम्हाला सांगतो: हे सीलंट अख्खा हिवाळा उत्तम टिकतं, फक्त ते रोज पहाटे लावावं लागतं.