क्लचचे शुद्धलेखन

मेव्हण्याने पाठवलेला कागद जेवणाच्या टेबलावर पसरून वेलांटीरावांनी तांबड्या पेनाचे टोपण काढले, तेव्हाच खरे तर बायकोने तो हिसकावून घ्यायला हवा होता. पण ती आतल्या खोलीत गणवेशाला इस्त्री करत होती, आणि इस्त्री सोडून उठले की काहीतरी करपते हा तिचा अनुभव होता.

वेलांटीराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. छापखान्यात सव्वीस वर्षे प्रुफे तपासता तपासता ते त्यांना चिकटले होते. औषधाच्या बाटलीवरची सूचना दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली औषध उतरत नसे. कोणाचे सांत्वनाचे पत्र आले, तर ‘दुःख’मधला राहून गेलेला विसर्ग घालून ते साभार परत पाठवत. प्रुफे तपासणाऱ्याला आपलीच दुरुस्ती चुकली असे वाटले, तर त्याने समासात ‘मूळ कायम’ असे दोन शब्द लिहायचे असतात. वेलांटीरावांवर ते लिहायची पाळी कधी आली नव्हती, निदान त्यांना तरी तसे वाटले नव्हते.

बायको नर्स होती. अकरा वर्षे वाट पाहिल्यावर तिला टेकडीवरच्या इस्पितळात प्रमुख नर्सची जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचे होते. न झाल्यास यादीतली पुढची बाई टपलेलीच होती. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडून देई, म्हणून एक जुनी गाडी घ्यायचे ठरले. तिला आठवडाभर जुन्या वॉर्डातून सुट्टी नव्हती, तेव्हा गाडी पाहायचे काम नवऱ्यावर आले. तिचा भाऊ परगावी गॅरेज चालवत होता. त्याने घाईघाईत, ग्रीसच्या बोटांनी, क्लच कसा तपासायचा ते लिहून पाठवले.

“‘तपासने’! बाणाचा ण येत नाही, आणि माणूस इंजिन उघडतो,” वेलांटीराव म्हणाले.

“अहो, त्याच्या हाताखालून हजार गाड्या गेल्यात. लिहिलंय ते नीट वाचा फक्त,” आतून आवाज आला.

“वाचण्यासारखं करतोय, म्हणून तर!”

त्यांनी ‘ओडा’चे ‘ओढा’ केले, ‘हळु’चा उकार दीर्घ केला. मग ते मुख्य मजकुरापाशी आले. मेव्हण्याने लिहिले होते: ‘हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाका. क्लच हळू सोडा. गाडी बंद पडली तर क्लच चांगला. नाहि पडली तर घेऊ नका.’

वेलांटीराव खुर्चीत ताठ झाले. बंद पडली तर चांगला? जगात बंद पडलेली कोणती वस्तू चांगली असते? घड्याळ? पंखा? हृदय? शब्द जागा चुकला होता, उघड होते. त्यांनी ‘नाहि’ची वेलांटी दीर्घ केली, तिच्याभोवती गोल काढला आणि एक सुबक बाण ओढून त्या शब्दाला मागच्या वाक्यात नेऊन बसवले. आता मजकूर कसा स्वच्छ झाला: ‘गाडी बंद पडली नाही तर क्लच चांगला. पडली तर घेऊ नका.’ शेवटची ओळ होती, ‘चढावर चालवून बघा, करपट वास आला तर पळा.’ ‘चालवून बघा’ हे वर एकदा येऊन गेले होते. द्विरुक्ती म्हणून त्यांनी ती ओळ सबंध छाटली.

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन एका शिंप्याकडे गेले. शिंप्याची पांढरी गाडी त्याच्या शिवणीइतकीच नेटकी होती. वेलांटीराव शेजारच्या सीटवर बसले आणि एकेक ओळ वाचून दाखवू लागले. शिंप्याने हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एकदा हिसका दिला आणि ती गपकन बंद पडली. वेलांटीरावांचा चष्मा मांडीवर आला.

“गेली,” ते म्हणाले.

“जाणारच की साहेब! ब्रेक लावलाय, वर चौथा गिअर. क्लचनं इंजिन घट्ट धरलं म्हणून तर बंद पडली. हीच तर खूण!”

“असं तुम्ही म्हणता. माझ्याकडे लेखी आहे.”

“कुणी लिहिलंय हे?”

“लिहिलंय तज्ज्ञानं आणि तपासलंय मी,” असे म्हणून ते उतरले. शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करत बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला.

गायन शिकवणाऱ्या बाईंची गाडीही त्याच परीक्षेत त्याच रीतीने बंद पडली. “इतकी गुणी गाडी हो माझी,” बाई कळवळून म्हणाल्या. वेलांटीरावांनी त्यांना गाडी विकताना खोटे बोलू नये यावर चार शब्द ऐकवले. बाई बिचाऱ्या षड्जावरून पार खाली आल्या.

शनिवारी ते एका निवृत्त तिकीट तपासनिसाच्या दारात उभे राहिले. या गृहस्थाने उभी हयात डब्यात काढली होती. माणूस आत शिरला की खिशात तिकीट आहे की नाही, हे तो चालीवरून सांगे. त्याची निळी गाडी धुऊनपुसून चकचकीत उभी होती. पण वेलांटीरावांनी घडीचा कागद काढताच त्याचा चेहरा उतरला. याआधीची तीन गिऱ्हाइके याच परीक्षेनंतर चहाही न घेता गेली होती.

“चौथाच टाकू?” त्याने क्षीण आवाजात विचारले. “तिसरा चालेल का?”

“चौथा. कागदावर चौथा आहे.”

तपासनिसाने चौथा टाकला, डोळे मिटले आणि क्लच पूर्ण सोडला. गाडी जागची हलली नाही आणि इंजिनही बंद पडले नाही. क्लचची पकडच उरली नव्हती, त्यामुळे ते आपल्याच नादात गुरगुरत राहिले. तपासनीस डोळे मिटून शिव्यांची वाट पाहत होता.

“वा!” वेलांटीराव म्हणाले. “याला म्हणतात क्लच!”

तपासनिसाने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. सव्वा मिनिट त्याने समोरच्या माणसाला न्याहाळले आणि हा बिनतिकिटाचा प्रवासी असल्याची त्याची खात्री पटली.

“जाणकार माणूस क्वचितच भेटतो हो,” तो म्हणाला. “बाकीच्या गाड्यांचं काय झालं?”

“अहो, तो शिंपी! गाडी बाहेरून नुसती हंसासारखी पांढरी, पण क्लच सोडला की जागच्या जागी बंद!”

“जागच्या जागी? चौथ्यात?” तपासनीस पुढे सरकला. “अरेरे. कुठं राहतो म्हणालात हा शिंपी?”

वेलांटीरावांनी पत्ता दिला, खाणाखुणांसकट. व्यवहार पुरा झाल्यावर तपासनिसाने तो कागदही मागितला. “असं शास्त्रशुद्ध काही घरात असावं.” वेलांटीराव खूश झाले. आपल्या प्रुफाची प्रत आजवर कोणी आठवण म्हणून मागितली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोने भावाला फोन केला. “मिळाली रे गाडी! तुझ्या कागदाबरहुकूम एकेक गोष्ट बघितली म्हणतात.”

“भाऊजींनी? मग निर्धास्त जा, ताई. ते काना-मात्रा सोडत नाहीत.”

सोमवारी सकाळी सपाट रस्त्यावर निळी गाडी बरी चालली. टेकडीचा चढ लागला आणि इंजिन मोठमोठ्याने ओरडू लागले, पण गाडी मात्र हळूहळू होत गेली. बायकोने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला, वेग आणखी उतरला.

“कुणाकडे तरी दूध करपतंय,” वेलांटीराव नाक वर करून म्हणाले.

“इथे घर आहे का एक तरी? गाडी करपतेय!”

दुसऱ्या वळणावर गाडी थांबली. इंजिन तेवढे जोमात चालू होते. आठला पंचवीस मिनिटे उरली होती, आणि उरलेला चढ पायी तासाभराचा होता. बायकोने भावाला फोन लावून स्पीकर चालू केला.

“ताई, चौथ्यात क्लच सोडल्यावर बंद पडली होती ना?”

“छे!” वेलांटीराव अभिमानाने म्हणाले. “मुळीच नाही!”

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. “मग घेतली कशाला, भाऊजी? स्पष्ट लिहिलं होतं की, नाही पडली तर घेऊ नका!”

बायको नवऱ्याकडे वळली. अकरा वर्षे तिच्या डोळ्यांत जमली. “कागद कुठाय?” तिने अगदी हळू विचारले. तापलेल्या रोग्याशी ती याच आवाजात बोलत असे.

तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी चढावर लोण्यातून सुरी जावी तशी सरसर आली आणि शेजारी थांबली. आत निवृत्त तिकीट तपासनीस होता.

“अरे, तुम्ही! मी रक्तातली साखर तपासायला वर इस्पितळातच चाललोय,” तो म्हणाला, आणि निळ्या गाडीकडे पाहणे त्याने कटाक्षाने टाळले.

“ही तर शिंप्याची गाडी,” वेलांटीराव पुटपुटले. “तुम्ही… कशी काय घेतलीत?”

“तुमच्याच कागदावरून.” तपासनिसाने कप्प्यातून घडी काढून त्यांच्या हाती दिली. “फार उपयोगी कागद आहे हो. फक्त तांबडी शाई सोडून वाचावा लागतो.”

बायकोने तो नवऱ्याच्या हातातून घेतला. तो बाण, तो सुबक गोल आणि ती छाटलेली शेवटची ओळ तिने शांतपणे पाहिली. वेलांटीराव काहीतरी द्विरुक्तीबद्दल बोलू लागले होते. तिने त्यांच्या खिशातले तांबडे पेन काढले, गाडीच्या टपावर कागद ठेवून समासात दोन शब्द लिहिले आणि तो त्यांना परत दिला. मग ती पर्स घेऊन पांढऱ्या गाडीत बसली.

“साहेबांनाही घेऊ या का? मागे जागा आहे,” तपासनीस म्हणाला.

“नको. त्यांची जागा चुकली नाहीये,” ती म्हणाली, आणि आठला आठ मिनिटे असताना इस्पितळाच्या दारात उतरली.

वेलांटीराव गाडी ओढून नेणाऱ्याची वाट बघत वळणावर उभे होते. त्यांनी कागद उघडला. मेव्हण्याच्या वाक्यापुढे बायकोच्या हस्ताक्षरात लिहिले होते, ‘मुळ कायम’. ‘मु’ ऱ्हस्व होता. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, पण पेन ती घेऊन गेली होती.