एकच धागा, सगळी शाळा

मी कधीच चुकत नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही! मी पायऱ्यापायऱ्यांनी काम करतो आणि पायऱ्यापायऱ्यांनी काम करणारा माणूस चुकूच शकत नाही, एवढेच मी आयुष्यभर म्हणत आलो. तंत्रनिकेतनात शिकलो, पुढे नांदेडला मुलांना तारा जोडायला शिकवले आणि निवृत्त झाल्यावर घरच्या मिक्सरलासुद्धा देखभालीचे वेळापत्रक लावून दिले. आमच्या गोदावरीबाई म्हणतात, "तुम्ही शिंकतासुद्धा पायरीपायरीने." हे कौतुक नसून तक्रार आहे, हे कळायला मला संसाराची बरीच वर्षे लागली.

म्हणून मालविका दारात उभी राहिली, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. ती माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता मुदखेडच्या एका शाळेची मुख्याध्यापिका. चेहरा मात्र शाळा बुडाल्यासारखा!

"सर, आमच्या शाळेतल्या वायरी एकदा बघता का?"

बघितल्या. सुगरण पक्ष्याने तो गुंता पाहिला असता, तर घरटी विणणे सोडून दिले असते! प्रत्येक वर्गात इंटरनेटची एक वायर, कॅमेऱ्याची दुसरी, घंटेची तिसरी, भोंग्याची चौथी. शिवाय एक वायर अशी होती, की तिचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. पण ती हलवली की शिक्षकांच्या खोलीतला पंखा थांबे.

"गुंत्याचं दुःख नाही, सर," मालविका म्हणाली. "नववीच्या वर्गाचं आहे."

आमच्या भागात मूल हुशार निघाले, की ते लातूरला जाते. आधी हुशार मुले गेली, मग ज्यांना हुशार व्हायचे होते ती गेली. मालविकाच्या नववीत जेमतेम वर्ग टिकेल एवढीच मुले उरली होती. तिने एक शेवटचा उपाय काढला होता. लातूरचे नामांकित विज्ञान शिक्षक विरूपाक्ष सर आपल्या तिथल्या वर्गातून थेट मुदखेडच्या पडद्यावर शिकवणार होते. त्यांना आपली मुले दिसणार, मुलांना ते दिसणार. पहिला तास दसऱ्याच्या मुहूर्तावर, पालकांच्या समोर!

पालकांमध्ये मुख्य होते गुरुलिंगप्पा. स्टेशनरोडला त्यांचे किराणा दुकान आहे आणि त्यांची अक्षरा नववीत पहिली येते. ते त्या दिवशी शाळेतच भेटले.

"सर, माझं बोलणं सरळ हाय. तास नीट चालला तर पोरगी हितंच शिकंल. अडकत अडकत चालला, तर दिवाळीनंतर लातूर. दाखल्याचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय बघा."

अक्षरा बापाच्या मागे उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "सर, नीट करा हं. मला होस्टेलला न्हाई जायचं."

तिच्या मागोमाग तिच्या मैत्रिणी जाणार आणि त्यांच्या मागोमाग वर्ग.  रिकाम्या बाकांवरून मालविकाची नजर ज्या पद्धतीने फिरली, त्यावरून मला हे कळले.

मी छाती पुढे काढली. "सगळ्या वायरी काढून टाका! एकच फायबर! केसाएवढा काचेचा धागा. त्यातून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर स्वार होऊन सगळे येते. तास, घंटा, भोंगा, कॅमेरा, टेलिफोन! एक धागा, सगळी शाळा!"

"आणि तो एक बंद पडला तर, सर?" मालविकाने विचारले.

"बंद कशाला पडेल?" मी म्हणालो. अशा प्रश्नांमुळेच हा देश मागे राहिला, असेही त्यावेळी म्हणालो असेन.

शिपाई संगप्पाने दोन दिवस जुन्या वायरी ओढून काढल्या. भंगारवाला त्या घेऊन गेला. पितळी घंटाही मी स्टेशनजवळच्या मारुतीला देऊन टाकायला लावली, कारण आता घंटा प्रकाशावर वाजणार होती! कार्यालयात मुख्य पेटी बसवली, वर्गावर्गात छोट्या पेट्या बसवल्या आणि सगळ्यांना जमवून फायबरचे टोक दाखवले.

"या टोकावर धुळीचा एक कण बसला, तर प्रकाशाच्या दृष्टीने वाटेत बालाघाटचा डोंगर उभा राहिला समजा! म्हणून यावर नेहमी टोपण पाहिजे. टोकाला कोणीही बोट लावायचे नाही. या खोलीत चप्पल काढूनच यायचे!"

"देवळावानीच की मग," संगप्पा म्हणाला आणि त्याने पेटीला नमस्कार केला.

वाचकहो, तो नमस्कार ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

अष्टमीला चाचणी घेतली. काय सांगू! घंटा वाजली, भोंगा बोलला, कॅमेऱ्यात संगप्पा कान कोरताना स्पष्ट दिसला आणि लातूरहून विरूपाक्ष सरांचा आवाज शेजारच्या बाकावरून यावा तसा आला. मालविकाने डोळे पुसले. मी फायबरचे टोक पुसले आणि कार्यालयाला कुलूप लावले.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. आमच्या घरात वडिलांपासूनचा नेम आहे: त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही, थांबवून त्याची पूजा करायची. जो माणूस हत्याराचा मान ठेवत नाही, त्याचा मान हत्यार ठेवत नाही! त्यामुळे मी यंत्रणा बंद केली, जोड सोडवले आणि मुख्य पेटी, फायबरची टोके, कातर, तपासणीचे भिंग असे सगळे पाटावर ओळीने मांडले. गोदावरीबाई नांदेडहून पूजेचे ताट घेऊन आल्या होत्या.

"ती टोपणं राहू द्यायची का?" त्यांनी विचारले.

"तलवार म्यानात ठेवून कोणी पुजतं का?" मी म्हणालो. "झाकलेल्याची पूजा पोचत नाही."

टोपणे काढली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. यजमान अर्थातच मी. ताटातल्या कुंकवात अनामिका बुडवून एकेका वस्तूला क्रमाने टिळा लावला. मग ताट घेऊन वर्गावर्गात फिरलो आणि तिथल्या छोट्या पेट्यांच्या टोकांनाही लावला. एकही वस्तू वगळली नाही. वगळणे माझ्या स्वभावात बसत नाही.

दसऱ्याची सकाळ. दारात रांगोळी, दाराला झेंडूचे तोरण, पाटीवर काढलेली सरस्वती. नववीच्या वर्गात मुले पुढे, पालक मागे. गुरुलिंगप्पा मधोमध बसले होते, खिशावर हात ठेवून. मी जोड पुन्हा बसवले आणि मुहूर्तावर कळ दाबली.

पेटीवर लाल दिवा लागला. लाल म्हणजे प्रकाश पोचत नाही.

घंटा वाजली नाही. भोंगा बोलला नाही. मालविकाचे स्वागताचे भाषण पहिल्या दोन बाकांच्या पुढे गेले नाही. कॅमेरा मिटला. टेलिफोन उचलला, तर त्यातून फक्त विहिरीसारखी शांतता ऐकू आली. पूर्वी एक वायर मेली, की बाकीच्या जिवंत राहत. माझ्या व्यवस्थेत सगळ्यांचे प्राण एकदम गेले. सामुदायिक विवाहासारखे!

"घाबरायचे कारण नाही," मी म्हणालो. "दोष पायरीपायरीने शोधायचा असतो."

माझ्या पद्धतीची पहिली पायरी अशी: टोक तपासा, टोक पुसा. तीस वर्षे मी ती मुलांकडून पाठ करून घेतली. पण टोक मी स्वतः पुसलेले होते. तेव्हा थेट दुसरीवर गेलो: वीजपुरवठा.

शाळेचा मुख्य खटका बंद केला. पंखे थांबले. ऑक्टोबरचे ऊन पत्र्यातून वर्गात उतरले. पालक आमंत्रणपत्रिकांनी वारा घेऊ लागले. खटका पुन्हा चालू केला. दिवा लाल.

मालविकाचा मोबाईल वाजला. लातूरहून विरूपाक्ष सर.

"बाई, मी इकडं पडद्यापुढं हार घालून बसलोय! पोरं कुठं हायेत?"

मी मोबाईल हातात घेतला. "सर, आमच्याकडे सर्व ठीक आहे. तुमच्याकडची टोके अस्वच्छ असावीत!"

"आमची? अहो, आमचा माणूस रोज पुसतो ती. तुमची बघा की जरा!"

"आमची पुसलेली आहेत," मी अभिमानाने म्हणालो आणि तिसऱ्या पायरीवर गेलो: उंदीर.

फायबर वर्गाच्या थर्माकोलच्या छतावरून गेले होते. संगप्पाला वर चढवले. थोडा वेळ खुडबुड ऐकू आली.

"उंदीर न्हाई, सर! लई अंधार हाय पर!"

"पुढे सरक! लोखंडी पट्टीवरच पाय ठेव!"

"पट्टी कंची म्हणायची ह्यात?"

त्याच क्षणी पडद्याच्या वर छत फुटले आणि थर्माकोलच्या पांढऱ्या पावसात एक सबंध पाय गुडघ्यापर्यंत खाली उतरला!

मागच्या बाकावरचे एक आजोबा ताठ बसले. "झाला का सुरू तास?"

"व्हय की," गुरुलिंगप्पा म्हणाले. "पर लातूरचे सर पायाकडून दिसायलेत!"

वर्ग हसला. मालविका हसली नाही. अक्षराही हसली नाही. ती बाकावर नख घासत माझ्याकडे बघत होती. मी चौथी पायरी शोधत होतो आणि ती सापडत नव्हती.

तेवढ्यात पालकांमध्ये बसलेल्या गोदावरीबाई उठून आल्या.

"पहिल्यापासून करा बघू. शिंकताना करता तसं."

"पहिली पायरी झालेली आहे!"

"झालेली असू दे. परत करा."

केवळ त्यांची समजूत पटावी म्हणून मी जोड सोडवला आणि टोक भिंगाखाली धरले. निरोगी टोक कसे दिसते, हे मी हजार मुलांना दाखवले आहे: स्वच्छ, गोल, चंद्रासारखे. मला सूर्योदय दिसला! लालभडक, आणि त्याच्या कडेला हळदीची पिवळी प्रभा.

"बघू," म्हणत गोदावरीबाईंनी भिंगाला डोळा लावला. "अगं बाई! हे तर माहूरचं कुंकू! निघता निघत नाही म्हणून मुद्दाम आणलेलं!"

"कोणी लावले?" मी गर्जलो. "टोकाला बोट लावू नका म्हणून मी कंठशोष केला होता! कोणी लावले हे?"

 गोदावरीबाईंनी फक्त माझा उजवा हात उचलून सगळ्यांना दाखवला. अनामिका अजूनही लाल होती.

तेवढ्यात छतातून संगप्पाचा आवाज आला, "सर, मी पाय वर घेऊ का असाच ठेवू?"

नुसते टोक पुसून भागणारे नव्हते. सकाळी जोड बसवताना मी ते कुंकू पेट्यांच्या आतपर्यंत ठासले होते. प्रत्येक वर्गात, क्रमाने, एकही न वगळता! मी पुसायला बसलो.

इकडे गुरुलिंगप्पांना माझी कीव आली असावी. मोठा सज्जन माणूस. त्यांनी आपला मोबाईल काढला, विरूपाक्ष सरांना व्हिडिओवर घेतले आणि तो सरस्वतीच्या पाटीला टेकवून उभा केला. मुले त्याच्याभोवती गोळा झाली. सर बोलू लागले. पहिल्या रांगेला थोडे दिसले, दुसऱ्या रांगेला थोडे ऐकू आले आणि तिसरी रांग पहिलीच्या खांद्यांवर चढली. मग दुकानातून फोन आला आणि लातूरचे सर अर्ध्या वाक्यात नाहीसे झाले.

"साखर संपली म्हणतेत," गुरुलिंगप्पा ओशाळून म्हणाले.

दुपारी पेटीवर हिरवा दिवा लागला. घंटा खणखणीत वाजली. तोवर वर्गात मी, मालविका, गोदावरीबाई आणि थर्माकोलचा चुरा एवढेच उरलो होतो. गुरुलिंगप्पा मात्र अक्षराला घेऊन परत आले. त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पाने ठेवली.

"सोनं घ्या, सर. सोन्यासारखं ऱ्हावा. तुमी लई कष्ट घेतलेत, हे म्या डोळ्यांनी बघितलंय. पर पोरीचं साल हाय. मोबाईलात सर बोटाएवढे दिसायलेत. लातूरला तरी पुरते दिसतील."

"आप्पा, आता चालू झालंय," मालविका म्हणाली. "हिरवा दिवा बघा!"

"आज हिरवा हाय, बाई," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी खिशातून अर्ज काढला. तो घामाने मऊ झाला होता. अक्षरानेही माझ्या पाया पडून मला सोने दिले. मला तिच्याकडे बघवले नाही. मी पेटीकडे बघत राहिलो.

दिवाळीनंतर अक्षरा गेली, तिच्या मैत्रिणी गेल्या आणि नववीची उरलेली मुले जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवावी लागली. विरूपाक्ष सर मात्र शब्दाचे पक्के. वर्ग नसला तरी जोडणी ठेवायला त्यांची हरकत नव्हती. पुढच्या वर्षी आठवीची मुले वर येतील, या आशेवर. म्हणून त्यांच्या तासाच्या वेळी मी मुदखेडला येतो, चप्पल काढतो आणि सगळे चालते ना, हे पडद्यासमोर बसून पाहतो.

परवा सरांनी कॅमेरा आपल्या वर्गाकडे वळवला. चित्र असे स्वच्छ, की भिंतीवरच्या पाली मोजता याव्यात! डाव्या बाजूला बाकावर अक्षरा बसलेली होती. थोडी वाळली होती. तिने पडद्यावर मला ओळखले, वहीआडून हात हलवला आणि मग हसू दाबत अनामिका स्वतःच्या कपाळाला लावून विचारले, "सर, टोक पुसलं का?"

लातूरचा सबंध वर्ग हसला. आवाजही अगदी स्वच्छ आला.

"पुसले," मी म्हणालो. "हल्ली दोनदा पुसतो, बाळ. इथे वर्गात दुसरे कोणी नसते, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो."